नुसतं बटण दाबायचं

त्या दिवशी मीटिंगमध्ये हेडक्लार्क गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मीटिंगमध्ये गप्प बसण्याचा गुण माणसाला एक तर जन्मतः मिळतो किंवा निवृत्तीनंतर, आणि हेडक्लार्क या दोन्हींच्या मधल्या वयात होते.

विषय साधा होता. पाणीपट्टीच्या त्या कार्यालयात वीस-बावीस नवे लॅपटॉप आले होते आणि ते कोरे होते. चालू केले की काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ, बस. ठेकेदाराचा माणूस येणार, एकेक लॅपटॉप घेऊन बसणार, त्यात सिस्टिम घालणार आणि हे काम महिनाभर पुरवून पुरवून करणार, असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात हेडक्लार्क उठले. नाकावरून घसरलेला चष्मा त्यांनी वर सारला. ते नाक हा त्यांच्या घराण्याचा ऐवज होता. वडिलांचं तेच, लेकीचंही तेच. चष्म्याला बसायला ऐसपैस जागा होती, पण उतारच असा होता की चष्मा टिकत नसे.

"मॅडम, एकेक करायचे दिवस गेले," ते म्हणाले. "कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर ठेवायचा, सगळं त्यात भरून ठेवायचं. त्याला म्हणतात सर्व्हर. मग लॅपटॉपला नेटवर्कची वायर लावायची, नुसतं बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत लॅपटॉप तयार. नाव, भाषा, घड्याळ, प्रिंटर, सगळं आपोआप."

हे ज्ञान त्यांना मेहुण्याकडून मिळालं होतं. मेहुणा कॉम्प्युटरमध्ये होता, म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानात प्रिंटरची शाई विकत होता. आदल्या रविवारी त्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक गोरागोमटा माणूस वायर लावतो, बटण दाबतो आणि खरोखरच कपात चहा ओततो. हेडक्लार्कना त्यातला चहा फार आवडला होता.

मॅडम या कार्यालयाच्या प्रमुख. त्यांना भाषणं आवडत नसत, तारखा आवडत. "कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"या आठवड्यात."

"ठेकेदाराला नाही म्हणून कळवा," मॅडम शेजारच्या लेखनिकाला म्हणाल्या आणि पुन्हा हेडक्लार्ककडे वळल्या. "तुमच्या रजेचा अर्ज माझ्याकडे पडून आहे ना? लॅपटॉप चालू झाले की मंजूर. त्याआधी नाही."

हेडक्लार्क बोटांवर दिवस मोजत खाली बसले. कारण ती रजा साधी नव्हती. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी होती, तिचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती, आणि "बाबा, तुम्ही दोघं वेळेवर या हं, मला भीती वाटते," असं तिने फोनवर सांगितलं होतं. लेकीला कधी कशाची भीती वाटल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. लहानपणी ती कुत्र्याच्या तोंडातून चप्पल काढून आणायची. त्यामुळे ते वाक्य त्यांच्या मनात घर करून बसलं होतं.

घरी बायकोने बॅग भरून दाराशीच ठेवली होती. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडावी लागे, आणि ती हलवायची नाही असा हुकूम होता. नजरेसमोर राहिली म्हणजे विसर पडणार नाही, हा बायकोचा हेतू.

हेडक्लार्कनी बॅग ओलांडली आणि मीटिंगची हकीकत सांगितली.

"म्हणजे ठेकेदाराचा माणूस येणार होता," बायको म्हणाली, "तुमचा काही संबंध नव्हता, आणि तुम्ही उभे राहिलात."

"कार्यालयाचा वेळ वाचतो त्यात."

"कार्यालयाचा वाचतो. आपला?"

हेडक्लार्क हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तोवर समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त टेलिफोन इन्स्पेक्टर येऊन बसले होते. यांना कुठल्याही घरातल्या बिघाडाचा वास बरोबर लागत असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि निकाल दिला.

"वायर ती वायरच. तुमचं ते कॉम्प्युटर असो की आमचा टेलिफोन. वायरीत दोनच रोग असतात. एक, ती तुटलेली असते. दोन, ती लावलेलीच नसते. बाकी सगळं थोतांड."

हेडक्लार्कना हे ऐकून फार बरं वाटलं. दोनच रोग म्हणजे औषधही फार लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं खोकं उघडलं आणि तिसराच रोग निघाला. लॅपटॉप इतका सडपातळ होता की त्याला वायर लावायला भोकच नव्हतं. त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला, उलटा केला, उजेडात धरला. हेडफोनचं भोक होतं, चार्जरचं होतं, पेनड्राइव्हचं होतं. नेटवर्कच्या वायरीला मात्र घरात प्रवेश नव्हता. वायरीशिवाय सर्व्हर नाही, सर्व्हरशिवाय बटण नाही, बटणाशिवाय चहा नाही आणि रजाही नाही.

मेहुण्याला फोन लावला. तो हसला. "भावोजी, हल्लीच्या लॅपटॉपांना ते भोक नसतंच. डोंगल घ्या. छोटीशी डबी असते. एक टोक पेनड्राइव्हच्या जागी जातं, दुसऱ्या टोकाला वायर."

"हे तू रविवारी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही चहाच बघत होता."

डोंगल घ्यायचं म्हणजे खरेदी विभागात जायचं. खरेदी विभागात एक गृहस्थ जाळीच्या मागे उशी घेऊन बसत. त्यांना सगळे खरेदीवाले म्हणत, पण त्यांच्या हातून खरेदी झाल्याचं फार थोड्या लोकांनी पाहिलं होतं.

"वस्तू कुठल्या सदरात बसते?" त्यांनी विचारलं.

"विजेच्या सामानात घाला."

"शॉक बसतो?"

"नाही."

"मग विजेची नाही. हिने लिहिता येतं?"

"डोंगलने कसं लिहिणार?"

"मग स्टेशनरी नाही." खरेदीवाल्यांनी उशी सारखी केली. "किती वर्षं टिकेल?"

"टिकेल की, पाच-सात वर्षं."

"टिकाऊ आहे, शॉक नाही, लिहिता येत नाही. म्हणजे फर्निचर."

हेडक्लार्कनी मान डोलावली. या माणसाशी वाद घालून आजवर कोणी दुपारचं जेवण वेळेवर जेवलेलं नव्हतं.

"फर्निचर एका खोलीला एक," खरेदीवाले म्हणाले. "तुमचे लॅपटॉप किती खोल्यांत आहेत?"

"सध्या सगळे एकाच खोलीत आहेत."

"मग एक."

"अहो, लॅपटॉप वीस-बावीस आहेत."

"कपाट आपण एकच देतो. त्यात फायली किती असतात? एकामागून एक लावा की. डबी काय, झिजणार आहे?"

हा युक्तिवाद हेडक्लार्कना उलटवता आला नाही. बाकीची डोंगलं पदरमोड करून आणावीत असंही त्यांच्या मनात आलं, पण खासगी वस्तू कार्यालयाच्या यंत्राला जोडण्यास सक्त मनाई असल्याचं परिपत्रक भिंतीवर लटकत होतं. ते परिपत्रक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं आणि त्यातल्या "सक्त" या शब्दाबद्दल त्यांना त्या वेळी शाबासकीही मिळाली होती. तेव्हा एक डोंगल घेऊन ते परत आले. काळी, आगपेटीएवढी डबी, एका अंगाला आखूड शेपटी. ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. पुढे ती त्यांच्या अंगाचा भागच झाली.

आता यातला चौथा रोग. डोंगलमध्ये वायर खट् करून बसायला हवी होती, पण कार्यालयातल्या वायरीचा चिमटा केव्हाच मोडलेला. वायर बसे आणि कोणी शेजारून चालत गेलं तरी निसटे. कॅशियरबाईंनी नोटांच्या पुडक्याचं रबर दिलं. त्या रबराने वायर आणि डोंगल एकमेकांना करकचून बांधल्यावर संसार टिकला.

पाचवा रोग असा की लॅपटॉप चालू करताक्षणी एक विशिष्ट बटण दाबलं तरच तो सर्व्हरकडे पाहत असे. क्षणभर आधी दाबलं तर ऐकू येत नसे आणि क्षणभर उशीर झाला तर तो रुसून काळ्या पडद्यावर जाऊन बसे. "नुसतं बटण दाबायचं" असं हेडक्लार्क मीटिंगमध्ये म्हणाले होते, पण ते नेमकं कधी दाबायचं यावर त्यांचा सगळा बुधवार खर्ची पडला. लेखनिक येता-जाता विचारत, "काय साहेब, चहा झाला का?" हेडक्लार्क बटणावर बोट ठेवून बसलेले असत आणि ऐकू न आल्यासारखं करत.

त्याच सुमाराला समोरचे टेलिफोन इन्स्पेक्टर पाणीपट्टी भरायला म्हणून आले आणि पाणीपट्टी न भरताच हेडक्लार्कच्या टेबलाशी बसले. टेबलावर एक पेटी होती. सर्व्हरची वायर तिच्यात येई आणि तिथून पुढे डोंगलला, बाकी कार्यालयालाही. तिच्यात आठ भोकं आणि आठ हिरवे दिवे.

"हे एक भोक मोकळं आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"असू दे."

"असू दे कसं? धूळ जाते. आमच्या खात्यात मोकळं भोक कधी ठेवलं नाही." टेबलाच्या कडेवरून एका वायरीचं टोक लोंबत होतं, ते त्यांनी उचललं आणि मोकळ्या भोकात बसवून दिलं. मग हात झटकले.

पुढच्याच क्षणी आठही दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकायला लागले. बिलाच्या खिडकीवर बिलं निघायची थांबली. हजेरीचं यंत्र कोणाचाही अंगठा ओळखेनासं झालं आणि हळूहळू ते अख्ख्या कार्यालयाला गैरहजर समजू लागलं. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. मॅडम केबिनच्या दारात आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मॅडम बोलत नसत तेव्हा जास्त त्रास होई.

कॅशियरबाई उठल्या, त्यांनी त्या नव्या वायरीवर बोट ठेवलं आणि ती कुठे जाते ते बघत निघाल्या. वायर टेबलाखाली गेली, खुर्चीच्या पायाला वळसा घालून वर आली आणि त्याच पेटीच्या दुसऱ्या भोकात शिरली. पेटीचं एक तोंड तिच्याच दुसऱ्या तोंडाला जोडलं गेलं होतं. पेटीने एक निरोप बाहेर सोडला की तो फिरून तिच्याकडेच येई, तिला वाटे काहीतरी नवीन कळलं, आणि ती पुन्हा जोरात तोच निरोप सोडे. हेडक्लार्कच्या बिल्डिंगमध्ये बातम्या याच पद्धतीने पसरत असत.

वायर उपटली आणि सगळं शांत झालं. "म्हणजे दोष पेटीत आहे," इन्स्पेक्टर म्हणाले आणि पाणीपट्टी भरायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "निघताय ना, बाबा?"

"निघतोय म्हणजे काय, निघालोच," हेडक्लार्क म्हणाले. दाराशी बॅग होती. बायको तिच्यावर बसून भाजी निवडत होती, आणि तिने वर पाहिलंही नाही. त्या न पाहण्याचा त्यांना फार त्रास झाला.

लॅपटॉपांना नावं द्यायचं कामही बाकी होतं आणि त्याला कार्यालयात वेगळं महत्त्व होतं. त्याचं असं झालं होतं की मॅडमना पासवर्ड लक्षात राहत नसत. रजा, बिलं, खर्च, सगळ्याला त्यांची मंजुरी लागे आणि दर वेळी पासवर्ड चुकून ते पान कुलूपबंद होई. शेवटी वरिष्ठ कार्यालयाने कंटाळून सोय करून दिली, की ज्या मशीनचं नाव "मुख्य" असेल त्यावर मंजुरीचं पान पासवर्ड न विचारता उघडेल. मंजुरी रद्द करायला तेवढा पासवर्ड लागेल. रद्द करण्याची वेळ मॅडमवर कधी येत नसे, त्या मुळात मंजूरच कमी करत.

तेव्हा हेडक्लार्कनी सर्व्हरमध्ये नावं भरली ती ज्येष्ठतेनुसार. पहिलं नाव "मुख्य". मग हिशेब, मग रोख, मग आवक. आवक मोठी की जावक मोठी यावरून दोन लेखनिकांत अर्धा दिवस बोलणं बंद झालं, पण ते मिटलं. मेहुण्याने फोनवर सर्व्हरची रीत समजावली होती. "भावोजी, नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येकाला एक जन्मजात नंबर असतो. नवा नंबर दिसला की सर्व्हर त्याला यादीतलं पुढचं नाव देतो. ओळखीचा नंबर पुन्हा आला की त्याचं जुनं नाव त्याला परत देतो. आयुष्यात विसरत नाही."

"मॅडमसारखं नाही म्हणजे," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी घाईने इकडेतिकडे पाहिलं.

पहिला लॅपटॉप अर्थातच मॅडमचा करायचा होता. कार्यालयात पंखासुद्धा आधी मॅडमच्या खोलीतला पुसला जाई. हेडक्लार्कनी डोंगल लावलं, रबर ताणलं, श्वास रोखला आणि नेमक्या क्षणी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर अक्षरं सरसर धावू लागली. कोणीही हात न लावता लॅपटॉप स्वतःच स्वतःला घडवू लागला. हेडक्लार्क दोन पावलं मागे सरले, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि खालच्या टपरीवर चहा प्यायला गेले. त्यांना चहा नको होता, ॲसिडिटी होती. पण बोललेला शब्द होता.

वर येऊन चालू करून पाहतात तो लॅपटॉप तयार. नाव "मुख्य". भाषा, घड्याळ, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. त्यांनी तो मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. "चांगलं झालं," मॅडम म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून हे वाक्य त्या कार्यालयात फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं.

मग काय, गाडी रुळावर आली. डोंगल एका लॅपटॉपमधून काढायचं, दुसऱ्यात लावायचं, बटण दाबायचं, चहा प्यायचा. काम झालं की लॅपटॉप आपोआप बंद होई. हेडक्लार्क तो खोक्यात ठेवत आणि पुढचा घेत. उघडून पाहायची गरजच काय, आपोआप म्हणजे आपोआप. चहावाला त्यांना येताना पाहूनच ओतायला लागला होता. शेवटच्या काही चहांची चवही त्यांना कळली नाही, पण शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचा लॅपटॉप बंद झाला आणि त्यांनी रबर सोडवून डोंगल खिशात टाकलं. एखादी लढाई जिंकून आल्यासारखं त्यांना वाटत होतं.

मॅडम त्या दुपारी वरिष्ठ कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या. लॅपटॉप वाटले गेले. सगळ्यांनी आपापली झाकणं उघडली.

आधी कॅशियरबाई बोलल्या. "हेडक्लार्कसाहेब, माझा लॅपटॉप मला 'नमस्कार मॅडम' म्हणतोय."

"आदराने म्हणत असेल."

"आणि मंजुरीसाठी प्रलंबित अर्ज दाखवतोय."

"मलाही," हिशेबवाले म्हणाले. "मलाही," आवक म्हणाला. "मलाही," जावक म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं.

हेडक्लार्कनी एकेक पडदा पाहिला. सगळ्यांचं नाव "मुख्य". त्या एका खोलीत वीस-बावीस मॅडम बसल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर एकच रास होती, कार्यालयातल्या सगळ्यांचे पडून राहिलेले रजेचे अर्ज. कोणाच्या बहिणीकडची वास्तुशांत होती, कोणाचा दात काढायचा होता, आवकला नुसतंच झोपायचं होतं. राशीच्या तळाशी हेडक्लार्कचा अर्ज होता, आणि त्याच्याखाली हिरवं बटण. मंजूर.

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण टाचण्या खरेदीवाल्यांकडे होत्या.

"तुमचा अर्ज इथे आहे," कॅशियरबाई हळूच म्हणाल्या. "लेकीचा ना? नुसतं बटण दाबायचं."

हेडक्लार्कचं बोट खरोखर उचललं गेलं. बॅगेवर बसून भाजी निवडणारी बायको त्यांच्या डोळ्यांसमोर आली, "मला भीती वाटते" हे शब्द कानात वाजले. पण इतकी वर्षं परिपत्रकं लिहिणारा माणूस होता तो. बोट खाली आलं.

"कोणी कशालाही हात लावायचा नाही," ते म्हणाले. "हा तांत्रिक बिघाड आहे. बिघाडाचा फायदा घेणं म्हणजे उघडं दार बघून दुसऱ्याच्या घरात शिरून जेवून येण्यासारखं आहे. कार्यालय विश्वासावर चालतं. मॅडमचा विश्वास, जनतेचा विश्वास..." असं ते बराच वेळ बोलले. जनतेचं नाव निघालं की त्यांना थांबवणं अवघड जाई. मग सर्व्हर तपासायला ते कोपऱ्यातल्या खोलीत गेले. नावांची यादी बरोबर होती. सर्व्हर व्यवस्थित होता. वायर तुटलेली नव्हती आणि लावलेलीही होती. काहीही कळेना.

परत आले तेव्हा सगळे माना खाली घालून कामाला लागलेले दिसले. हे दृश्य त्या कार्यालयात दुर्मिळ असल्याने ते दचकले. त्यांनी जवळच्या पडद्यावर पाहिलं. एकही अर्ज प्रलंबित नव्हता. सगळ्यांच्या रजा सोमवारपासून मंजूर. आणि हेडक्लार्कची एकट्याची रजा तर प्रत्येक लॅपटॉपवरून एकेकदा मंजूर झाली होती.

"हे कोणी केलं?"

"मॅडमनी," कॅशियरबाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तसं लिहिलंय."

हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. रद्द करायला पासवर्ड हवा आणि तो तर मॅडमनाही माहीत नव्हता. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि मॅडमना फोन लावला. कबूल करायचं, जे होईल ते होईल, रजा गेली तर गेली.

"बैठकीत आहे मी," मॅडम कुजबुजल्या. "इतकंच सांगा, लॅपटॉप चालू झाले का?"

"झाले मॅडम, पण..."

"सगळे?"

"सगळे, पण त्यात असं झालंय की..."

"मग झालं तर. मी शब्द दिला होता. जा तुम्ही लेकीकडे." फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला, तर उचललाच गेला नाही.

ते घरी आले, बॅगेपाशी थांबले आणि बायकोला म्हणाले, "चल." ती चप्पल घालून आली, बॅगेचा एक बंद तिने धरला, दुसरा त्यांनी. समोरच्या दारातून इन्स्पेक्टर म्हणाले, "शेवटी वायरच होती ना?" हेडक्लार्क तसेच पुढे निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाचं समाधान करावंसं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते दोघं बाकावर बसले होते. लेकीला आत नेलं होतं. जाताना तिने बाबांचा हात इतका घट्ट दाबला की अंगठीचा वळ उठला. बायको डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात खिशात फोन वाजला आणि पडद्यावर "मॅडम" असं दिसलं. हेडक्लार्क उभे राहिले. मॅडमचा फोन ते बसून घेत नसत.

"कार्यालयात मी एकटीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मी सगळ्यांच्या रजा मंजूर केल्या आहेत असं दिसतंय."

"मॅडम, मी तेच सांगणार होतो, तो एक बिघाड..."

"वरून फोन आला होता. माझ्या कार्यालयात मला माहीत नसताना पान हलत नाही, असं मी शुक्रवारीच बैठकीत सांगून आलेय. तेव्हा मी केल्या असतील तर विचार करूनच केल्या असतील. समजलं?"

"समजलं, मॅडम."

"सगळे लॅपटॉप माझ्या नावाचे का झाले, ते मात्र शोधून काढा. आल्यावर. घाई नाही." आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "इथे फार शांत आहे. मलाही दोन दिवस कुठे जायला आवडलं असतं. पण माझी रजा मंजूर करायची सोय तुमच्या एकाही लॅपटॉपवर नाही."

फोन ठेवून ते बाकावर बसले आणि नोकरी वाचली याचा आनंद मानायच्या आधीच दार उघडलं. नर्सबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. या आत."

बायको केव्हाच आत पोचली होती. हेडक्लार्कचे पाय मात्र दारातच घुटमळले, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे चष्मा कधी नव्हे तो नाकावर घट्ट चिकटला. लेक थकलेली होती, हसत होती. शेजारी पांढऱ्या दुपट्यात एक लाल चेहरा. एवढ्याशा मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी, पट्टीवर लेकीचं नाव आणि एक नंबर. पलीकडच्या पाळण्यात आणखी एक लाल चेहरा होता. त्यालाही पट्टी होती. हेडक्लार्कना दोघांत फरक दिसेना.

"ही पट्टी," त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "आधी कोणाला लावली होती का? म्हणजे एकाची काढून दुसऱ्याला, असं?"

नर्सबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काका, एकाची काढून दुसऱ्याला लावली तर सगळी मुलं एकाच आईची नाही का होणार?"

हेडक्लार्क उभ्या जागी थिजले. मग त्यांचा हात सावकाश शर्टाच्या खिशात गेला आणि ती काळी डबी बाहेर आली. त्यांनी ती उलटी करून उजेडात धरली. तिच्या पोटावर बारीक अक्षरांत एक नंबर छापलेला होता. जन्मजात नंबर लॅपटॉपचा नव्हताच, डोंगलचा होता. ते एकच डोंगल सर्व्हरकडे पुन्हा पुन्हा जात होतं, आणि सर्व्हर दर वेळी ओळखीचं माणूस आल्यासारखा म्हणत होता, या मॅडम.

"एकच पट्टी लावली मी सगळ्यांना," ते म्हणाले.

"कोणाला?" बायकोने दचकून विचारलं.

"सगळ्यांना. काढली की दुसऱ्याला, काढली की दुसऱ्याला. आणि खाली जाऊन चहा पीत बसलो."

"थकलेत ते," बायको नर्सबाईंना म्हणाली. "अहो, ते राहू द्या. आधी बाळाला घ्या."

पण हेडक्लार्क आता कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांनी डबी खिशात टाकली, वाकून बाळाच्या मनगटावरचा नंबर वाचला, मग लेकीच्या मनगटावरचा वाचला, मग पुन्हा बाळाचा, एकेक आकडा पुटपुटत. लेक त्यांच्याकडे बघत होती. तिने दुपट्याचं टोक जरा बाजूला केलं.

"बाबा," ती म्हणाली, "नंबर कसले बघताय? नाक बघा की."

त्यांनी पाहिलं. मग चष्मा काढून खिशात डोंगलशेजारी ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.